कापडणीस सरांचं टोपलं

कापडणीस सरांच्या घरात शिरताना चपला काढायच्या आणि लगेच खाली बघायचं. बैठकीच्या खोलीत, जिथे चारचौघांकडे टीपॉय असतो, तिथे त्यांच्याकडे फरशीवर आरसा ठेवलेला असतो. जुन्या कपाटाच्या दाराचा, पुरुषभर लांबीचा. त्याच्या बरोबर वर छताच्या हुकांना बारीक साखळ्यांची एक जाळी लोंबत असते. नवा माणूस आधी वर बघतो. त्याला वाटतं, झुंबर आहे आणि दिवे लावायचे राहिलेत. मग सर म्हणतात, "वर काही नाही. खाली बघा, आरशात."

मग त्या माणसाला वाकावं लागतं. वाकला की लोंबती जाळी आरशात उलटी होते आणि घुमटासारखी उभी दिसते. पलीकडे सरांचाही चेहरा उलटाच दिसतो, निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा.

"दिसली का इमारत?"

"दिसली" म्हणेपर्यंत चहा मिळत नाही. गॅसवाला, मीटर बघणारा, शेजारच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेलं जोडपं, सगळे तिथे वाकून गेलेत. एकदा सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींची वाकलेली कंबर तशीच धरली. उरलेली आरती सरांनी म्हटली आणि गुरुजींना रिक्षात दोघांनी बसवलं.

मी गायधनी. नाशकात, इंदिरानगरात सरांच्या रो-हाउसला लागून आमचं, मधे एक भिंत. मी सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात होतो. जोडणी होऊन आलेल्या मालाचा एकेक नट पान्याने बघायचा, सैल असेल तर आवळायचा आणि आवळलेल्या नटावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा, हे माझं काम. निवृत्त झालो, पण पाना आणि पेंटची डबी घरी आली. मी बंद केलेला नळ माझ्या बायकोला, मंगलला, उघडत नाही. दाराच्या बिजागऱ्या, पंखे, सायकली, सगळ्यांना माझे ठिपके आहेत. सरांच्या वत्सलावहिनींच्या कुकरचा दांडा डुगडुगत होता, तोही मी आवळला आणि ठिपका दिला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे काय, कुकरला दृष्ट लागू नये म्हणून का?"

आता अशा माणसाची आणि सरांची मैत्री व्हायला नको होती. कारण सरांचं पालुपद होतं, "ढिलं असू द्या."

सर मूळचे सटाण्याकडचे. पॉलिटेक्निकात त्यांनी आयुष्यभर पोरांना खांब आणि तुळया शिकवल्या, आणि स्वतःला मात्र खांब आवडत नाहीत. खांब म्हणजे आळशी माणसाची युक्ती, असं त्यांचं मत. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, तिला ते जाळीघुमट म्हणत. लाकडाच्या करंगळीएवढ्या जाड, लांबच लांब पट्ट्या घ्यायच्या. जमिनीवर आडव्या-उभ्या मांडून सपाट जाळी करायची. जिथे पट्टी पट्टीवर येते तिथे एकेक बोल्ट. मग ती अख्खी जाळी मधून वर उचलायची आणि कडा आत ढकलायच्या. चौकोन तिरके होतात, पट्ट्या वाकतात आणि पालथ्या टोपलीसारखं छप्पर उभं राहतं. आत एक खांब नाही. साखळ्यांची जाळी असायची ती याच्यासाठी. साखळी आपल्या वजनाने जशी लोंबते, तोच बाक उलटा केला की छपराला तो सर्वांत सोसतो, असं सर सांगायचे. पहिल्या जाळीसाठी त्यांनी मेनरोडवरच्या इमिटेशनच्या दुकानातून इतक्या साखळ्या आणल्या की कापडणीसांकडे तीन मुलींची लग्नं निघालीत अशी बातमी झाली. त्यांना मूलबाळ नाही हे दुकानदाराला कुठून ठाऊक असणार.

पेठकडची एक बाई बाजारात बांबूच्या टोपल्या विकायला बसायची. सरांनी तिला विचारलं, कुठे वाकवायचं हे तुला कसं कळतं. ती म्हणाली, "बांबू सांगतो ना." सरांनी त्या दिवशी तिच्याकडच्या सगळ्या टोपल्या घेतल्या आणि वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की पॉलिटेक्निकात एकाही प्राध्यापकाला हे एका वाक्यात सांगता आलं नसतं. आमच्याकडे अजून त्यातल्या दोन आहेत, एकीत कांदे असतात.

तर ते पालुपद. मंगलचं आणि सुनेचं वाजलं, मी गाऱ्हाणं सांगायला गेलो, सर म्हणाले, "ढिलं असू द्या." पार्किंगवरून सोसायटीची सभा तापली, सर उठून म्हणाले, "ढिलं असू द्या," आणि बसले. डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर वाढलंय म्हणून सांगितलं, त्यावरही तेच. एका लग्नात फुलांच्या माळा कशा झुलतात हे मापायला ते मांडवात चौकटीचा कागद धरून उभे राहिले. मुलीचा मामा अंगावर धावून आला, तर त्यालाही तेच. मी ते इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ऐकू येईनासं झालं. घड्याळाची टिकटिक येत नाही तसं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते यातून झालं.

वहिनी या सगळ्याला "टोपलं" म्हणायच्या. त्यांचं आणि सरांचं आपसातलं बोलणं अहिराणीत. बाहेरून आल्या की वर लोंबणाऱ्या नव्या जाळीकडे बघून विचारायच्या, "काय शे हाई?" सर आरशाकडे बोट दाखवायचे. चाळीस वर्षं त्या बाईने आरशात वाकून नवऱ्याच्या इमारती बघितल्या. देवळं, बाजारपेठा, एकदा तर एस.टी. स्टँड. एकही उभी राहिली नाही. कुणी बांधायला दिलीच नाही.

मग वहिनींच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. त्यांना सांगायचंच उशिरा सुचलं, तोवर बाजूचं सगळं गेलेलं होतं आणि नळीतून बघावं तेवढंच समोरचं उरलं होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं येत नाही, उरलेलं किती महिने टिकेल ते सांगता येत नाही. मी रिक्षात सोबत होतो. घरात शिरताना वहिनी आरशाला अडखळल्या. सरांनी धरलं. त्या म्हणाल्या, "जल्मभर आरसामाच देखू का? आते तरी उभं करी दखाडा."

रागावून नाही म्हणाल्या. थकून म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सर तो आरसा काखेत मारून सोसायटीच्या सभेला गेले.

आमच्या कॉलनीत मोकळी जागा आहे, आम्ही म्हातारे तिथे बाकांवर बसतो. अध्यक्ष जगतापांना तिथे पत्र्याची शेड टाकायची होती. सरांनी टेबलावर आरसा ठेवला, वर हाताने साखळ्या धरल्या आणि एकेका सभासदाला वाकायला लावलं. "पत्रा नको. मी लाकडाचं करून देतो. लाकूड माझं, अक्कल माझी, तुमची फक्त एक सकाळ द्या." साखळ्या हातात हलत होत्या म्हणून आरशातला घुमटही हलत होता. जगताप म्हणाले, "सर, पडलं तर?" सर म्हणाले, "पडणार नाही. बायकोला दाखवायचंय."

मंजूर झालं.

जुन्या नाशकातले रफिकभाई सुतार सागाच्या पट्ट्या घेऊन आले. महिनाभर मैदानात रंधा चालला. सर, रफिकभाई आणि मी, तिघांनी जाळी मांडली. दोनशेच्या वर बोल्ट, प्रत्येकाला वायसर, प्रत्येकाला नट; नट रफिकभाई बसवायचे, मी पट्ट्या धरायचो. वहिनी रोज संध्याकाळी हात धरून यायच्या, एका डोळ्यापुढे हाताची नळी धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "चटईच आहे अजून." सर म्हणायचे, "रविवारी उठेल."

शनिवारी संध्याकाळी सर वहिनींना थेंब घालायला लवकर घरी गेले. मैदानात मी एकटा राहिलो. सहज एका नटाला हात लावला. बोटाने फिरला. दुसरा फिरला. तिसरा. कडुलिंबाच्या झाडाकडच्या कोपऱ्यात सगळेच्या सगळे सैल. वाटलं, सरांचं वहिनींपायी चित्त ठिकाणावर नाही, रफिकभाईंना एवढा कोपरा आवळायला सांगायचं राहून गेलं, आणि उद्या हे सगळ्यांच्या डोक्यावर उचलायचंय. घरी जाऊन पाना आणला. अंधार पडेपर्यंत मी तो अख्खा कोपरा आवळून काढला, नियमाप्रमाणे प्रत्येक नटावर ठिपका दिला आणि समाधानाने घरी येऊन जेवलो. सरांना सांगितलं नाही. मित्राची चूक गुपचूप निस्तरावी, बोलून दाखवू नये, असं आमच्या आईने शिकवलेलं.

रविवारी सगळी कॉलनी आली. कडेला पंचवीस-तीस माणसं, मधे रफिकभाईंची माणसं टेकू घेऊन. सरांच्या गळ्यात पी.टी.ची शिट्टी. पहिल्या शिट्टीला उचलायचं, दुसरीला आत सरकायचं, तिसरीला थांबायचं. सर रोज जाळीवर फिरून एकेक नट हाताने बघायचे, पण त्या दिवशी ते वहिनींची खुर्ची लावत होते. थोडी डावीकडे, थोडी मागे, नळीत सगळं मावेल अशी. तिथूनच त्यांनी मला विचारलं, "गायधनी, सगळं ठीक ना?"

मी म्हणालो, "एकदम फिट, सर."

शिट्टी वाजली. जाळी उठली. खरंच उठली, जमिनीवरची चटई पाठ उंचावून उभी राहायला लागली आणि लोकांच्या तोंडून आवाज निघाला. वहिनी डोळ्यापुढे हात धरून खुर्चीतून अर्ध्या उठल्या. दुसरी शिट्टी झाली. सगळीकडचे चौकोन तिरके होत गेले, फक्त कडुलिंबाकडचे झाले नाहीत. ते चौकोनच राहिले. मग काड्कन आवाज आला. मग लागोपाठ चार-पाच. पट्ट्या उभ्या चिरल्या, लोकांनी घाबरून हात सोडले आणि जाळी खाली बसली.

"काय व्हयनं?" वहिनी विचारत होत्या. "दिसत का नाही?"

रफिकभाई ओरडले, "सर, वो कोना जाम हुआ है." मला तेव्हाच कळलं. सैल नटांवर पट्ट्या फिरणार होत्या, म्हणूनच ते सैल होते. आवळायचे ते उभं राहिल्यावर. सरांनी हे मला दहादा सांगितलं असेल आणि दहाही वेळा मी चहा पीत असेन.

सर कोपऱ्याकडे गेले. रफिकभाई मागे निघाले, तर त्यांना म्हणाले, "तुम्ही हिला घरी सोडा." मग ते एकटेच तिथे गुडघ्यावर बसले, आमच्याकडे पाठ करून. खिशातून रुमाल काढला. खांदे हलत होते. जगतापांनी हळूच सगळ्यांना खूण केली आणि लोक माना फिरवून पांगले. म्हाताऱ्या माणसाला रडताना बघू नये. मीही घरी आलो.

रात्री झोप नाही. पहाटे जाऊन बघितलं तर नट पुन्हा सैल केलेले आणि ठिपके नाहीसे. मी मनाला सांगितलं, दवाने गेले. ऑइलपेंट दवाने जात नाही, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

सभेत सर उभे राहिले. "पट्ट्या जास्त वाळल्या होत्या. निवड माझी. चूक माझी." रफिकभाई काहीतरी बोलायला उठत होते, सरांनी त्यांना हाताने बसवलं. मागून कुणीतरी म्हणालं, मास्तरांचं गणित चुकलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला तोंड होतं. मी ते उघडलं नाही. आयुष्यात मी लोकांचे हजारो सैल नट पकडले असतील, पण इतकं सैल माझ्यातच काही असेल असं वाटलं नव्हतं.

सोसायटीने परवानगी काढून घेतली. सर दारोदार फिरले. लोक फाटकातूनच परत पाठवायचे. नव्या पट्ट्या घडवायच्या, नवी सभा, नवं मतदान, यात दहा महिने गेले. वहिनींची नळी बारीक होत होत मिटली. दिवस आहे की दिवा लावलाय, एवढंच कळायचं. मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागलो. त्या म्हणायच्या, "भाऊजी, तुमच्यासारखा शेजारी मिळायला पुण्य लागतं." त्यांनी दिलेल्या चहाचा एक घोट सुखाने उतरला असेल तर शपथ.

दुसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी सर आमच्या दारात आले. म्हणाले, "गायधनी, उद्या तिसरी शिट्टी झाली की नट आवळायचं काम तुमचं. सगळे. आणि ठिपके द्या." पायरी उतरून वळले आणि म्हणाले, "पिवळे."

मी काही बोलायच्या आत ते फाटक लावून गेले.

या वेळी जाळी उठली आणि उभी राहिली. पट्ट्या करकरल्या, पण मोडल्या नाहीत. शिडीवर चढून मी दुपारपर्यंत एकेक नट आवळला, ठिपका दिला. लोक गेल्यावर सर वहिनींना घेऊन आले. त्यांनी वहिनींचा हात जमिनीलगत एका पट्टीवर ठेवला. वहिनी पट्टी धरून वर वर हात नेत गेल्या, टाचा उंचावून, हात पुरेना तिथपर्यंत. मग दुसरी पट्टी. अशा त्या टोपल्याभोवती अख्ख्या फिरल्या, आणि सर मागे मागे, दोन पावलं अंतर ठेवून. फेरी झाल्यावर वहिनींनी बोटं नाकाशी नेली. बोटांना ओला रंग लागला होता. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि एकेक बोट पुसलं.

रुमाल पांढरा होता. त्यावर जुने, धुऊन धुऊन फिके झालेले पिवळे डाग होते. थंडीतला ऑइलपेंट रात्रभर ओला राहतो. त्या दिवशी गुडघ्यावर बसून सर रडत नव्हते.

मी त्यांना कडुलिंबाखाली बाजूला घेतलं. "सर, तो कोपरा मी..."

"हळू. तिला सांगू नका."

"पण तुमच्यावर आलं सगळं. त्यांना दिसलं असतं, सर. दहा महिन्यांपूर्वी त्यांना दिसलं असतं."

सर टोपल्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, या वेळी खरंच होतं. मग म्हणाले, "माझ्यावर रागवायची तिला चाळीस वर्षांची सवय आहे, गायधनी. ती रागावते आणि विसरते. तुमच्यावर रागावली तर तिला पेपर कोण वाचून दाखवेल? आणि आमच्याकडे दुसरं येतं तरी कोण?"

वहिनींनी हाक मारली. "भाऊजी, यांना विचारण्यात अर्थ नाही, हे छानच म्हणणार. तुम्ही सांगा, कसं दिसतंय?"

तपासणी खात्यातला माणूस मी. फिट किंवा रिजेक्ट, याहून जास्त शब्द मला कधी लागले नाहीत. मी म्हणालो, "आरशात दिसायचं तसंच, वहिनी. फक्त सुलटं." त्यांनी मान हलवली.

आता आम्ही रोज पाचला त्या टोपल्याखाली बसतो. वहिनी थर्मासमध्ये चहा आणतात. काल पेपर लवकर संपला. वहिनी म्हणाल्या, "मंगल सांगत होती, तुम्ही हल्ली काहीतरी लिहिता. वाचा की." मी हेच वाचायला लागलो. आरसा, गुरुजींची कंबर, इमिटेशनच्या साखळ्या. वहिनी खूप हसल्या. सर उठून नेहमीप्रमाणे नट बघत फिरायला गेले. वाचता वाचता शनिवारची संध्याकाळ आली, आणि मी वही मिटली.

"पुढे?"

"पुढचं अजून लिहायचंय, वहिनी."

त्यांनी थर्मासचं झाकण चाचपून काढलं, कपात बोट घालून अंदाजाने चहा ओतला आणि कप माझ्यापुढे धरला.

"रुमाल मीच धुतला होता, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तेव्हा दिसत होतं मला. कुकरवरचाच पिवळा."

मी वही बाजूला ठेवून कप घेतला. पलीकडून सरांची पावलं परत येत होती. वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "यांना सांगू नका. यांना वाटतं, मला ठाऊक नाही."